वही दाखव बघू!

गेल्या शनिवारी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझी यथेच्छ धुलाई झाली. ग्रुप दहावीच्या २०१३ च्या बॅचचा. एरवी तिथे सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि कुणाच्या तरी नव्या गाडीला घातलेला हार याच्यापलीकडे फारसं काही नसतं. पण यंदा मंडळींनी मनावर घेतलं की आपण शाळेसाठी काहीतरी करायचंच. वर्गणी काढली आणि बघता बघता पावणेदोन लाख जमले. (आमच्या बॅचच्या मानाने हे अतीच झालं. नववीच्या सहलीचे पैसे अजून एकाने दिलेले नाहीत, नाव सांगत नाही.) मग प्रस्ताव आला : दहावीच्या वर्गात मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि तयार व्हिडिओ धड्यांचं तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन. पोरांना तेच धडे घरी मोबाईलवरही बघता येणार.

पटापट अंगठे वर झाले. मी एकट्याने लिहिलं, "माझा विरोध आहे."

झालं! "तू स्वतः लॅपटॉपवर पोट भरतोस आणि गावाकडच्या पोरांनी मात्र खडू-फळ्यावरच शिकायचं होय?" इथून सुरुवात झाली आणि 'शिकलेला शहाणा' या पदवीवर शेवट. बी.ई. नंतर मिळालेली माझी ही पहिलीच पदवी! :-) ग्रुपवर चार ओळींपेक्षा मोठं लिहिलं की कुणी वाचत नाही, आणि माझं म्हणणं चार ओळींत मावणारं नाही. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी इथे बैठक मारून लिहितोय.

एक आधीच सांगतो. माझा विरोध ऑनलाइन शिक्षणाला नाही. मी जे कोड लिहून पगार घेतो त्यातलं निम्मं मी कुठल्या ना कुठल्या व्हिडिओवरूनच शिकलोय. शिवाय २०२० च्या दिवाळीपासून मी स्वतः नववी-दहावीच्या पोरांना फोनवरून गणित शिकवतोय. माझी तक्रार आहे ती हे पैसे ज्या गोष्टीवर खर्च होणार आहेत त्या गोष्टीबद्दल. पण त्यासाठी आधी एक गोष्ट सांगावी लागेल.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या ते सगळ्यांना आठवतंच. माझी नोकरी जेमतेम नऊ महिन्यांची होती. बोरियाबिस्तरा गुंडाळून मी पुण्याहून कराडजवळ गावी आलो. शेजारच्या गावात माझी आत्या राहते. तिची धाकटी मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, त्या जूनमध्ये नववीत गेली. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो मामांचा. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.) मामा दुधाच्या टेम्पोवर. पहाटे फोन टेम्पोबरोबर जायचा तो संध्याकाळी सातला टेम्पोबरोबरच परत यायचा. त्यामुळे शाळेच्या सरांनी सकाळी पाठवलेले व्हिडिओ ही रात्री जेवणं उरकल्यावर बघायची. पण बघायची हं! एकही चुकवायची नाही. मी फोनवर विचारायचो, "समजलं का गं?" ती म्हणायची, "समजलं दादा." सरांच्या ग्रुपवर अंगठा, मला 'समजलं', आणि सगळे खूश. आत्या तर सगळ्यांना सांगायची की पोरगी लॉकडाऊनमध्ये पण अभ्यास सोडत नाही, आणि ते अगदी खरं होतं.

दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा सहज म्हटलं, "वही दाखव बघू."

वही बघून मी थक्क झालो. सुंदर अक्षर, निळ्या-काळ्या पेनाने मथळे, प्रत्येक गणित पायरी-पायरीने. म्हटलं हिला आता काय शिकवायचं! उगाच आपलं म्हणून एक साधं समीकरण लिहून दिलं : तीन क्ष बरोबर बारा. तिने लिहिलं, क्ष बरोबर नऊ.

मला वाटलं घाईत चुकली. दुसरं दिलं : पाच क्ष बरोबर वीस. उत्तर पंधरा. विचारलं, "कसं काढलंस?" तर अगदी आत्मविश्वासाने म्हणाली, "तीनच्या पुढं काही चिन्ह नाही म्हणजे ते अधिक तीन. बाजू बदलली की चिन्ह बदलतं. म्हणून बारातून तीन वजा."

आता यात गंमत बघा. तिची चूक बेशिस्त नव्हती. तिच्याकडे नियम होता, तो ती नेमाने लावत होती, फक्त तो नियम कुठे लागतो आणि कुठे नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तेव्हा तिचं लक्ष खिडकीबाहेर असेल! वहीतली सगळी गणितं बरोबर होती कारण ती व्हिडिओ थांबवून थांबवून उतरवून घेतलेली होती. मी बशीतले शंकरपाळे घेतले, तीन वाट्या मांडल्या आणि म्हटलं, "तिन्ही वाट्यांत सारखेच शंकरपाळे आहेत आणि सगळे मिळून बारा. एका वाटीत किती?" ती लगेच म्हणाली, "चार." मग स्वतःच वहीकडे बघत बसली. "म्हणजे भागायचं होतं होय..."

पाच मिनिटं. शंकरपाळे खाण्याचा वेळ धरून सात.

या पाच मिनिटांच्या गोष्टीपायी ती पाच महिने बहुपदी, गुणोत्तर आणि प्रमाण, दोन चलांतील रेषीय समीकरणं असं एकावर एक रचत चालली होती. खाली पाया नाही हे तिला माहीत नव्हतं, आत्याला नाही, सरांना नाही, आणि व्हिडिओला तर कळायचा प्रश्नच नाही. व्हिडिओ चांगला होता हो! मी नंतर पाहिला. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यापेक्षा दसपटीने छान समजावलं होतं. पण त्यांना ही पोरगी दिसत नव्हती.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कंटाळू नका. इंटरनेटवर माहिती पाठवायच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत पाठवणारा पाकिटं नुसती सोडत राहतो. पोचली तर पोचली, हरवली तर हरवली. दुसरीत प्रत्येक पाकिटाची समोरून पोच यावी लागते. पोच आली नाही तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. क्रिकेटची मॅच लाइव्ह बघताना एखादं पाकीट हरवलं तर काही बिघडत नाही, क्षणभर चित्र फाटतं इतकंच. पण बँकेचे पैसे पाठवताना एकही पाकीट हरवून चालत नाही. दहावीचं गणित हे दुसऱ्या प्रकारातलं आहे. आणि आपण ते गेली पन्नास वर्षं पहिल्या पद्धतीने पाठवतोय.

पन्नास वर्षं म्हणजे खरोखरच पन्नास. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्हीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. मग १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. आमच्या आईच्या पिढीला तिचे दूरदर्शनवरचे कार्यक्रम अजून आठवतात. ती २०१७ मध्ये बंद पडली. सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. २०१७ मध्ये दीक्षा हे व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. (सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडायचा प्रयोग आधी आपल्या शाळेत केला होता. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलंच.) २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' आली, आणि घरात स्मार्टफोन नसलेल्या पोरांसाठी तो मोठाच आधार होता.

यातल्या कुठल्याच कामाला मी नावं ठेवत नाही. माणसांनी जीव ओतून केलेली कामं आहेत ती. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे : धडा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे काहीच येत नाही. पोच नाही. उपग्रह गेला, टीव्ही आला, फोन आला, फोरजी आलं, पाकीट पाठवायचा वेग लाखपट वाढला, आणि पोच मात्र अजून 'समजलं दादा' एवढीच.

नाही म्हणायला, २०२० च्या अखेरीस सरकारने व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' नावाची योजना आणली होती. दर आठवड्याला प्रश्न यायचे, मुलांनी पर्याय निवडून उत्तर पाठवायचं. दिशा बरोबर होती. पण पर्यायी प्रश्नात चूक झाली की फक्त 'चूक' एवढंच कळतं. आमच्या पोरीच्या डोक्यात 'अधिक तीन' बसलंय हे चार पर्यायांतून कसं कळणार? त्यासाठी तिने लिहिलेली पायरी बघावी लागते.

आणि लिहिण्याचं काय झालं तेही बघा. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्दच झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. २०२२ ला परीक्षा प्रत्यक्ष झाली, अभ्यासक्रम पाऊण केलेला, आणि बोर्डाने ४० ते ६० गुणांच्या पेपरला १५ मिनिटं आणि ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा दिला. का? तर मुलांचा लिहायचा सराव गेला होता. मला तर हा जादा वेळ म्हणजे बोर्डाने दिलेली कबुलीच वाटते. दोन वर्षं पोरं बघत होती, ऐकत होती, पण लिहीत नव्हती. निदान कुणी तपासेल असं तरी लिहीत नव्हती.

"अरे पण ते लॉकडाऊनचं झालं, आता सगळ्यांकडे फोन आहेत," असं ग्रुपवर एक मित्र म्हणाला. बरोबर आहे. 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. २०२४ च्या पाहणीत तर १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी सांगितलं की आम्हाला स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्या तरी कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे रस्ता झाला, गाड्याही आल्या. आता अजून रस्ता बांधायला पैसे कशाला घालायचे?

आणि पोरांनाच कशाला बोल लावायचा? हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडेक्सवरच्या मोफत अभ्यासक्रमांचा २०१२ ते २०१८ चा हिशेब प्रसिद्ध झालाय. त्यात शेवटच्या म्हणजे २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३ टक्के. ही बहुतेक शिकलेली, मोठी, आपणहून आलेली माणसं! माझ्या स्वतःच्या खात्यावर सात कोर्स विकत घेतलेले पडलेत, पुरा झालाय एक. आणि आपण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने रात्री नऊ वाजता, बाजूला टीव्हीवर मालिका चालू असताना, एकट्याने त्रिकोणमितीचे व्हिडिओ बघावेत अशी अपेक्षा धरतो. कमाल आहे!

मग ऑनलाइनने काही होतच नाही का? होतं की! २०२० च्या उन्हाळ्यात इटलीत शाळा बंद असताना तिथल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी फुकट, स्वयंसेवक म्हणून, सहावी ते आठवीच्या मुलांना एकेकट्याला ऑनलाइन शिकवलं. आठवड्याला साधारण तीन तास. कुणाला शिकवणी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना चोख होती. ज्यांना मिळाली त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि नुसत्या मार्कांतच नाही, मुलांच्या मनःस्थितीतही. तीच स्क्रीन, तेच इंटरनेट. फरक इतकाच की पलीकडे बसलेल्या माणसाला हे मूल दिसत होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एआय करेल. वहीचा फोटो टाकला की चूक सांगेल. करेलही, आणि नीट वापरलं तर मला आनंदच आहे. पण आत्ता पोरं फोटो वहीचा टाकत नाहीत, प्रश्नाचा टाकतात, आणि उत्तर उतरवून घेतात. आमच्या बहिणीचा पॉझ करून उतरवण्याचा उद्योगच, पण आता विजेच्या वेगाने! तुर्कस्तानातल्या सुमारे हजार हायस्कूलच्या मुलांवर याचा अभ्यास झालाय. गणिताच्या सरावाला ज्यांना साधा चॅटबॉट दिला त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी दिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या बॉटला 'उत्तर देऊ नकोस, नुसता इशारा दे' असं शिकवलं होतं त्याच्या बाबतीत हा तोटा बराचसा टळला. म्हणजे पुन्हा तेच. उत्तर पोचवणारं यंत्र वेगळं आणि 'तू काय लिहिलंस ते दाखव' म्हणणारं वेगळं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे मी नुसता तोंड वाजवत नाही हे कळेल.

त्या दिवाळीनंतर बहिणीशी करार केला. व्हिडिओ कुठलाही बघ, पुस्तकातला क्यूआर कोड लाव, सरांचा बघ. पण रोज पाच गणितं स्वतः सोडवायची, फोन घरी आला की पानाचा फोटो मला पाठवायचा. मी फोटोवरच बोटाने लाल खुणा करून परत पाठवायचो आणि सोबत मिनिटभराचा आवाज. रोज दहा मिनिटं. पहिले दोन महिने भयंकर गेले. ती फक्त येणारी गणितं पाठवायची. मग नियम केला की पाचातलं एक तरी चुकलेलं पाहिजे, नाहीतर फोटो परत! त्यानंतर गाडी रुळावर आली. मार्च २०२२ च्या बोर्डाला तिला गणितात ७१ पडले. पंचाण्णव नव्हे. पण क्ष बरोबर नऊ लिहिणाऱ्या पोरीचे ते ७१ आहेत आणि त्यातली एकही पायरी उतरवलेली नाही.

जून २०२२ पासून मी आणि ऑफिसातले दोन मित्र मिळून आत्याच्या गावातल्या शाळेच्या पोरांच्या वह्या बघतो. पहिल्या वर्षी अकरा जण होते. चार जण दिवाळीपर्यंत गळले. एकाने तर महिनाभर गाइडमधून जसंच्या तसं उतरवून पाठवलं, आणि मी मूर्खासारखा 'शाब्बास' देत राहिलो. गाइडमधली छापील चूक त्याच्या वहीत आली तेव्हा ट्यूब पेटली. :-) दुसऱ्या एका मुलीला मी आवाजात जरा जास्तच झापलं, तिने आठवडाभर फोटो पाठवला नाही. शेवटी फोन करून माफी मागितली. तेव्हापासून रात्री दहानंतर वह्या तपासायच्या नाहीत असा नियम स्वतःला घातलाय.

आणि हो, इंजिनिअर म्हटल्यावर व्हायचं तेही झालं. या कामासाठी मी तीन वीकएंड खर्चून एक ॲप बनवलं. लॉगिन, आलेख, प्रत्येक पोराची प्रगती, रंगीबेरंगी. एकाही पोराने ते उघडलं नाही. फोन वडिलांचा, त्यात जागा नाही, आणि व्हॉट्सॲप आहे की! ॲप अजून माझ्या लॅपटॉपमध्ये शांत झोपलंय.

एक अडचण मामांनी पहिल्याच दिवशी दाखवली होती. "हे बघ, तू घरचा हायेस. पण पोरींचे नंबर तुझ्या ऑफिसातल्या पोरांना कुणालाबी देऊ नको." मला आधी राग आला, मग पटलं. आता प्रत्येक मुलामागे एक ग्रुप असतो, त्यात पालकांचा नंबर आणि शाळेच्या बाई असतात. खासगीत एकही निरोप जात नाही. हे कुणी करणार असाल तर इथूनच सुरुवात करा.

"शाळेत सर वह्या तपासतातच की," असंही एकाने लिहिलं. तपासतात. पण आपल्याच सरांना आठव राजा. दोन-तीन तुकड्या, प्रत्येकीत साठ पोरं, वर निवडणुकीचं काम, जनगणनेचं काम. गठ्ठ्यातल्या वहीवर तारखेची सही व्हायची, आणि त्यात सरांचा काय दोष? दहावीला गणित भाग एक चाळीस मार्कांचा, भाग दोन चाळीसचा. मोजक्या दिवसांत एका माणसाने रोज दीडशे पोरांच्या पायऱ्या वाचायच्या म्हटलं तर शक्य तरी आहे का? नेमकी इथेच ऑनलाइनची खरी कमाल आहे. धडा पोचवायला गावात शिक्षक आहेत, पुस्तक आहे, फुकटचे व्हिडिओही ढिगाने आहेत. पण वही तपासायला जास्तीची माणसं गावात नाहीत, ती पुण्यात, कराडात, इस्लामपुरात, कॉलेजांच्या हॉस्टेलमध्ये रात्री रील्स बघत लोळत पडलेली आहेत. फोनमुळे ती वही त्यांच्यापर्यंत पोचू शकते.

थोडं गणित करू. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. १२० तास म्हणजे ७२०० मिनिटं. एका वहीला दहा मिनिटं धरली तर ७२० वह्या. एका मुलाची आठवड्याला तीनदा, चाळीस आठवडे तपासली तर १२० वेळा. म्हणजे एक कॉलेजकुमार वर्षभरात सहा पोरांना पुरतो. झाडं लावणं, गाव झाडणं, सगळं चांगलंच आहे. पण दोनशे जणांच्या एका तुकडीने मनावर घेतलं तर बाराशे पोरं होतात. अख्ख्या तालुक्यातल्या दहावीच्या वर्गांना मोठा आधार होईल, आणि यात विकत घ्यायचं असं काहीच नाही.

म्हणून ग्रुपवर माझा उलट प्रस्ताव असा आहे. पडदा नको, सबस्क्रिप्शन नको. पावणेदोन लाखांतून ज्या घरात दहावीचं पोरगं आहे आणि फोन संध्याकाळी येतो, तिथे एखादा साधा फोन शाळेच्या नावाने फिरता ठेवू. वह्या, पेनं घेऊ. शाळेतल्या एका बाईंना या कामाची जबाबदारी आणि त्याचं मानधन देऊ, कारण फुकटात कुणावर ओझं टाकायचं नाही. आणि आपल्यातल्या प्रत्येकाने दोन पोरं घ्यायची. बॅचमध्ये एकोणचाळीस जण आहेत. पैसे देणं सोपं असतं मित्रांनो, गूगल पे केलं की सुटलो. दहा मिनिटं देणं अवघड आहे. मलाही जड जातं, खोटं कशाला बोलू?

आत्तापर्यंत मला पाच जणांनी खासगीत कळवलंय की आम्ही दोन-दोन घेऊ. त्यात तो 'शिकलेला शहाणा' म्हणणाराही आहे. बाकीच्यांनी अंगठा दाखवलाय, आणि अंगठ्याची किंमत मला चांगलीच माहीत आहे.

बहीण आता कॉलेजात आहे आणि तिनेही गावातल्या तीन मुली घेतल्यात. परवा तिचा एक आवाज चुकून माझ्या फोनवर आला. "अगं चिन्ह नाही म्हणजे गुणिले आहे तिथं, अधिक नाही. शंकरपाळ्यांचं सांगितलं होतं ना तुला?"

असो. बराच वेळ झाला. आज शनिवार, अजून चार वह्या बाकी आहेत आणि दहा वाजायला आलेत.